रोगाचे नाव

पावसाळा सरून कार्तिक जवळ आला, की गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या बांध्या पिवळ्या पडू लागतात. घरोघरी आढ्याला खोचून ठेवलेले विळे खाली निघतात, त्यांना धार लावली जाते आणि भल्या पहाटे माणसे कापणीला जातात. विळा म्हणजे काय, हे ह्या जिल्ह्यातील पाच वर्षांच्या मुलालाही सांगावे लागत नाही. त्याचे पाते कसे वाकलेले असते, तो धानाच्या पेंडीत कसा अडकतो, निष्काळजीपणे धरला तर बोट कसे कापतो, हे सारे त्याला ठाऊक असते. त्याच जिल्ह्यातील कित्येक घरांत 'सिकलसेल' हा शब्दही ऐकू येतो. आरोग्यसेविकेच्या तोंडी तो असतो, दवाखान्याच्या भिंतीवर तो लिहिलेला असतो आणि एखाद्या मुलाच्या खिशातील कार्डावरही असतो. परंतु हा शब्द आणि तो विळा ह्यांचे काही नाते आहे, हे मात्र त्या घरातील अनेकांना कोणी सांगितलेले नसते.

नाते अगदी सरळ आहे. इंग्रजीत 'सिकल' म्हणजे विळा आणि 'सेल' म्हणजे पेशी. गावात 'सेल' म्हटले, की विजेरीत घालावयाचा सेल आठवतो. किंवा शहरात जाऊन आलेल्यास कापडदुकानातील स्वस्त विक्री आठवते. रक्तातील पेशी कोणालाच आठवत नाही. विळ्यासारख्या पेशींचा रोग, असे एकदा सांगितले तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहते. आणि ह्या रोगात चित्र उभे राहणे म्हणजे निम्मा रोग समजणे होय.

निरोगी माणसाची तांबडी रक्तपेशी वाटोळी, मधे किंचित दबलेली आणि लवचिक असते. केसाहूनही बारीक अशा रक्तवाहिन्यांतून ती अंग चोरून निघून जाते. तिच्यातील हिमोग्लोबिन नावाचे तांबडे द्रव्य प्राणवायू वाहून नेते. सिकलसेलच्या रुग्णात हे हिमोग्लोबिन थोडे निराळे असते. प्राणवायू सोडून दिल्यावर त्याचे कण एकमेकांना चिकटून त्यांच्या कडक काड्या बनतात आणि त्या काड्यांमुळे पेशी ताणली जाऊन वाकडी होते. अशा वाकड्या, ताठर पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. बांधीला पाणी देणाऱ्या पाटात काटक्या अडकल्या म्हणजे पुढचे धान जसे तहानलेले राहते, तसे शरीराचे त्या पुढील भाग प्राणवायूवाचून राहतात आणि हाडांत, सांध्यांत, पोटात असह्य कळा सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. विळ्यासारखी पेशी 10 ते 20 दिवसांतच नाश पावते. शरीर नव्या पेशी बनवीत असते, पण इतक्या झपाट्याने नाही. म्हणून रुग्णाच्या अंगात रक्त कमी पडते.

हा आकार प्रथम नोंदविला तो अमेरिकेतील शिकागो येथील जेम्स हेरिक ह्या वैद्याने, 1910 साली. ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्याला विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे लायनस पाउलिंग व त्याच्या सहकाऱ्यांनी 1949 साली दाखविले. भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये 1952 साली ह्या पेशी आढळल्या. पुढे मध्य भारताच्या फार मोठ्या पट्ट्यात त्या आहेत असे दिसून आले आणि पूर्व विदर्भ त्याच पट्ट्यात येतो. आदिवासींत हा दोष अधिक असला तरी तो एका जातीजमातीपुरता नाही. तेव्हा ह्या रोगाला जे नाव पडले त्याचा खरा अर्थ शिकागोच्या रहिवाशापेक्षा देवरी किंवा सालेकसा येथील शेतकऱ्यास अधिक चांगला कळावा. कारण विळा रोज हाती धरणारा तो आहे. नेमका त्यालाच तो कळू नये, ही खेदाची गोष्ट आहे. दोष शेतकऱ्याचा नव्हे. नाव सांगितले आणि अर्थ सांगितला नाही, हा सांगणाऱ्याचा दोष आहे.

नावाचा अर्थ ठाऊक नसला म्हणून काय बिघडते, असे कोणी विचारील. औषध तर तेच मिळते! काही रोगांच्या बाबतीत हे म्हणणे खरेही आहे. 'मलेरिया' हे नाव इटालियन भाषेतील 'वाईट हवा' अशा अर्थाच्या शब्दांवरून आले. दलदलीवरील दूषित हवेने हा ताप येतो, अशी पूर्वी समजूत होती. रोनाल्ड रॉस ह्याने 1897 साली सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले आणि ती समजूत खोटी ठरली. नाव मात्र तसेच राहिले. त्या चुकीच्या नावाने आज कोणाचे नुकसान होत नाही, कारण तो अर्थ आता कोणाच्या ध्यानीमनी नसतो. मराठीतील 'हिवताप' हा शब्द त्यामानाने कितीतरी चांगला. आधी हिव भरते, मग ताप चढतो. रोग्यास जे होते तेच नावात आहे.

मराठीत अशी बोलकी नावे पुष्कळ आहेत. धनुर्वातात शरीर धनुष्यासारखे ताणले जाते. डांग्या खोकला, कांजिण्या, मोतीबिंदू हे शब्द आजीबाईलाही कळतात. मात्र चित्रदर्शी नाव नेहमीच हिताचे असते असे नाही. 'हत्तीरोग' हा शब्द घ्यावा. पूर्व विदर्भात हा रोग जुना आहे. डास चावल्याने सुतासारखे बारीक जंत शरीरात शिरतात आणि पुढे काही वर्षांनी पाय सुजून हत्तीच्या पायासारखा जाड होतो. नाव पाहिले तर अचूक आहे, पण ते रोगाच्या शेवटच्या अवस्थेचे आहे. ज्याच्या रक्तात जंत आहेत आणि पाय अजून सडपातळ आहेत, तो मनात म्हणतो, "मला कोठे हत्तीरोग झाला आहे?" आणि आरोग्य खात्याने घरपोच दिलेल्या गोळ्या फडताळात ठेवून देतो. पाय सुजल्यावर तो गोळ्या मागू लागतो. पण सुजलेला पाय गोळ्यांनी पूर्ववत होत नाही. येथे नावानेच त्यास चकविले.

ह्याहून कठोर उदाहरण देवीच्या रोगाचे. त्या रोगाला देवीचे नाव पडले आणि तो देवीचा कोप किंवा देवीचे येणे आहे, असे मानण्यात आले. मग तीवर लस टोचून घेणे कित्येकांना अपराधासारखे वाटे. तरीही गावोगाव हिंडून, समजावून लस देण्यात आली. भारतातील शेवटचे रुग्ण 1975 साली आढळले आणि 1980 साली हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. 'महारोग' हाही असाच एक शब्द. त्या शब्दाने रोग्याला घराबाहेर काढले, गावाबाहेर बसविले. आज कागदोपत्री 'कुष्ठरोग' म्हणतात आणि नियमित औषधाने तो पूर्ण बरा होतो. पण जुन्या शब्दातील तिरस्कार औषधाने जात नाही.

आता पुन्हा सिकलसेलकडे वळावे, कारण गोंदियाच्या दृष्टीने खरा घोटाळा तेथे आहे आणि तो 'सिकलसेल' ह्या एका शब्दाने संपत नाही. त्याच्या मागून आणखी तीन शब्द येतात.

पहिला 'ॲनिमिया'. हा मूळचा ग्रीक शब्द असून त्याचा शब्दशः अर्थ 'रक्त नसणे' असा होतो. रक्तच नसते तर माणूस जगता कसा, हा विचार शब्द बनविणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. आपल्या वैद्यांनी रोग्याचा फिकट रंग पाहून 'पांडुरोग' म्हटले. अलीकडे 'रक्तक्षय' हा शब्द रूढ आहे. तो ऐकून एखाद्या आईला 'क्षय' आठवतो, म्हणजे फुप्फुसाचा क्षयरोग, आणि ती घाबरते. 'अंगात रक्त कमी आहे' एवढे चार शब्दांचे वाक्य ह्या तिन्ही शब्दांपेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

दुसरा शब्द 'पॉझिटिव्ह'. शाळेत 'पॉझिटिव्ह विचार करा' असा उपदेश मुले ऐकतात. तेव्हा पॉझिटिव्ह म्हणजे चांगले, अशी त्यांची समजूत होते. मग रक्ततपासणीच्या चिठ्ठीवर 'पॉझिटिव्ह' लिहून आले, की घरात समाधानाचा सुस्कारा टाकला जाण्याचा संभव असतो. तपासणीच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की जे शोधले ते सापडले. शिवाय गावच्या उपकेंद्रात प्रथम जी साधी चाचणी करतात, ती रक्तात सिकलचे हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. तो मनुष्य स्वतः रुग्ण आहे की केवळ वाहक, हे तिच्यावरून कळत नाही; त्यासाठी दुसरी, अधिक बारकाईची तपासणी करावी लागते. पहिल्या चिठ्ठीवरील एका शब्दाने हातपाय गाळणे जितके चुकीचे, तितकेच ती चिठ्ठी घडी करून विसरून जाणे चुकीचे.

तिसरा शब्द 'वाहक' आणि सर्वांत अधिक अनर्थ करणारा तोच. दिसावयास तो शुद्ध मराठी आहे. राज्य परिवहन महामंडळाच्या गाडीत तिकिटे देणारा तो वाहक, हे सर्वांस ठाऊक आहे. ह्या अर्थाने कोणाची फसगत होत नाही. फसगत होते ती दुसऱ्या अर्थाने. आरोग्याच्या पुस्तकात लिहिलेले असते, की डास हा हिवतापाचा वाहक आहे, पिसू हा प्लेगचा वाहक आहे. ह्या वाहकाचे काम रोग इकडून तिकडे पोचविणे हे असते. त्याला मारावे, घरात येऊ देऊ नये, असे शिकविले जाते. आणि मग तोच शब्द शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मुलीला लावला जातो: ही सिकलसेलची वाहक आहे! ज्या मुलाने डासाचा धडा नीट पाठ केला आहे, तो तिच्या डब्यातील पोळी घ्यावयास कचरला तर त्याला दोष कसा द्यावा? त्याने शिकलेलेच लागू केले. धडा देणाऱ्यांनी एका शब्दावर दोन ओझी लादली आणि त्या ओझ्याखाली सापडली ती मुलगी.

वास्तविक सिकलसेलचा वाहक कोणालाही काही देत नाही. स्पर्शाने, श्वासाने, एका ताटात जेवल्याने किंवा डास चावल्याने हा रोग पसरत नाही. तो जन्मतःच मिळतो आणि केवळ आईबापांकडून मिळतो. हिमोग्लोबिन कसे बनवावे ह्याची जणू एकेक सूचना आईकडून आणि बापाकडून अशा दोन सूचना प्रत्येक मुलाला मिळतात. दोन्ही साध्या असतील तर काही प्रश्नच नाही. दोन्ही सिकलच्या असतील तर मूल रुग्ण. त्याच्या कार्डावर 'एसएस' असे लिहितात. एक साधी आणि एक सिकलची असेल तर तो वाहक; त्याच्या कार्डावर 'एएस'. साधी सूचना त्याचे काम निभावून नेते आणि बहुतेक वाहक आयुष्यभर धडधाकट राहतात. त्याला रोगी म्हणणे चूक आहे आणि रोग पसरविणारा म्हणणे तर धडधडीत असत्य आहे.

वाहकाच्या बाबतीत एक नवलाची गोष्ट अशी, की ज्याला लोक कलंक समजतात ती एके काळी ढाल होती. अँथनी ॲलिसन ह्या संशोधकाने 1954 साली पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखविले, की वाहकांना जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. ज्या रानावनांत हिवतापाने शतकानुशतके मुले नेली, तेथे वाहक मुले अधिक संख्येने जगली, वाढली आणि त्यांच्या वंशात ही सूचना टिकून राहिली. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर ह्या जंगलपट्ट्यात हिवताप आणि सिकलसेल शेजारी शेजारी सापडतात, ह्याचे कारण हे आहे. ढाल फक्त वाहकासाठी, एवढे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. ज्याला दोन्ही सूचना सिकलच्या मिळाल्या त्या रुग्णाला हिवताप उलट अधिक धोक्याचा असतो.

दोन वाहकांचा विवाह झाला तर काय होते, तेथेही शब्द घात करतात. "25 टक्के धोका" असे सांगितले जाते. ऐकणारा हिशेब करतो, की चार मुलांपैकी एक आजारी होईल; पहिले आजारी झाले, आता पुढील तिघांची चिंता नाही. हा हिशेब खोटा आहे. दोन नाणी एकदम उडवावी; दोन्हींवर काटा पडण्याचा संभव चारांत एक. पहिल्या खेपेस दोन काटे पडले, म्हणून नाणी पुढच्या खेपेस ते लक्षात ठेवीत नाहीत. प्रत्येक जन्माच्या वेळी नाणी नव्याने उडतात. शाळेत छापा-काटा करून खेळ सुरू करणाऱ्या मुलाला हे पटकन कळते. टक्केवारी सांगून मोठ्यांनाही कळत नाही. लग्नापूर्वी दोघांनी रक्त तपासून घ्यावे असे सांगतात ते ह्यासाठीच. वाहकाने लग्न करू नये, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. वाहक आणि साध्या रक्ताचा जोडीदार ह्यांना सिकलसेलचे रुग्ण मूल होत नाही.

ह्यावर उपाय म्हणून काहीजण सुचवितात, की सारे इंग्रजी शब्द काढून टाकावे आणि शुद्ध देशी शब्द बनवावे. महाराष्ट्रात 1960 साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने अनेक शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध केले. ते काम मोलाचे आहे आणि विद्वानांना त्यावाचून गत्यंतर नाही. परंतु कोशातील शब्द आणि खाटेजवळचा शब्द ह्यांत भेद केला पाहिजे. हिंदीत सिकलसेलसाठी 'दात्रकोशिका' असा शब्द बनविलेला आहे. 'दात्र' म्हणजे संस्कृतात विळा. बनविणाऱ्याने अर्थ अचूक पकडला, ह्यात शंका नाही. पण विळा हाती घेऊन बांधीत उभ्या असलेल्या माणसाला 'सिकल' जितका परका, तितकाच 'दात्र' परका. शिवाय गोंदिया जिल्ह्याची गोष्टच निराळी. एका घरी पोवारी बोलतात, शेजारी गोंडी. बाजारात हिंदी चालते, कारण मध्य प्रदेश आणि छत्तीसगड दोन्ही लागून आहेत. शाळेत मराठी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर इंग्रजी! अशा ठिकाणी कोणताही एक शब्द, मग तो कितीही शुद्ध असो, सर्वांना कळेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. 'सिकलसेल' हे नाव आता रुळले आहे. ते राहू द्यावे. त्याच्या पाठोपाठ विळ्याचे चित्र, पाटाचे उदाहरण आणि दोन नाणी रोग्याच्या बोलीत सांगितली जावी, ही मागणी मात्र सोडू नये. आशाताईंपैकी ज्या गावच्याच असतात, त्या हे काम कोशापेक्षा अधिक चांगले करतात. गोंदियात 2016 सालापासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे दूरच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांना हाडांची शेकडो लॅटिन नावे पाठ करावी लागतात. 'कळ', 'ठणका', 'चमक' ह्यांतील फरक आणि त्यांना गोंडीत व पोवारीत काय म्हणतात, हेही त्यांनी पाठ केले तर ते अभ्यासाबाहेरचे समजू नये.

उलट बाजूने, वैद्यकीय शब्द डॉक्टरांचे आहेत, रोग्याने औषध घ्यावे आणि गप्प बसावे, असे म्हणणारेही आहेत. त्यांचे म्हणणे अधिक घातक आहे. सिकलसेलचा रुग्ण दवाखान्यात वर्षातून थोडे दिवस असतो. उरलेले दिवस तो घरी, शेतात आणि शाळेत असतो. पाणी भरपूर प्यावे, कडक ऊन आणि कडाक्याची थंडी टाळावी, फार दमू नये, ताप आला तर वाट न पाहता दवाखाना गाठावा, गोळ्या रोज घ्याव्या, ही पथ्ये त्याने स्वतः पाळावयाची असतात. का पाळावयाची, हे कळल्यावाचून ती फार दिवस पाळली जात नाहीत. वाहिनीत अडकणाऱ्या वाकड्या पेशीचे चित्र ज्याच्या मनात आहे, तो पाण्याचा तांब्या विसरत नाही.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. म्हणजे येत्या काळात लक्षावधी घरांत चिठ्ठ्या जातील आणि त्यांवर 'पॉझिटिव्ह', 'एएस', 'एसएस', 'वाहक' हे शब्द असतील. पुष्कळ घरांत ती चिठ्ठी वाचणारा पहिला माणूस सहावी-सातवीतील मुलगा किंवा मुलगी असेल. आईबाप विचारतील, "काय लिहिले आहे?" तेव्हा अक्षरे वाचून दाखविणे पुरेसे होणार नाही. कळत नसेल तर चिठ्ठी घेऊन उपकेंद्रात जावे आणि आरोग्यसेविकेस विचारावे, "ताई, ह्याचा अर्थ आमच्या भाषेत सांगा." असे विचारण्यात उद्धटपणा नाही. ज्याच्या शरीराविषयी तो कागद आहे, त्याचा तो हक्क आहे.

आणि शाळेतही एक शब्द समजून घ्यावयाचा राहतो. सिकलसेलच्या कळा अचानक उठतात. डॉक्टर त्याला 'क्रायसिस' म्हणतात. बाहेरून ना सूज दिसते, ना जखम. काल धावणारा मुलगा आज झाडाखाली पाय धरून बसतो आणि सोबती त्याला 'ढोंगी' म्हणतात. 2016 च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. कायद्याने त्या मुलाची वेदना खरी मानली आहे. वर्गातील मुलांनी त्याला पाणी आणून द्यावे आणि गुरुजींना बोलवावे.